गुहेचा चार्ज: पर्यटकांसाठी खुल्या गुहेची राखण कशी करावी

जंगलाच्या रेंजचा चार्ज घेतल्यावर काय करायचं हे खात्यात कोणालाही विचारा, तो घडाघडा सांगेल: बीटनकाशे (बीट म्हणजे एका गार्डच्या गस्तीचा भाग), हद्दीचे बुरुज, पाणवठे, वणवा अडवायच्या फायर लाइन, जुने पीओआर म्हणजे गुन्ह्यांचे प्राथमिक अहवाल. त्याच रेंजमध्ये पर्यटकांसाठी खुली असलेली गुहा असेल तर तिच्याबद्दल चार्ज रिपोर्टमध्ये बहुधा एकच ओळ सापडते, आणि तीही तिकीटघराच्या चाव्यांबद्दल. पुढचं सगळं त्या राहून गेलेल्या भागाविषयी.

उदाहरण म्हणून छत्तीसगडच्या बस्तरमधली कोटमसर गुहा घेतो. तिला कुटुमसरही म्हणतात. जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात ती आहे. उद्यान १९८२ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे २०० चौरस किलोमीटर. मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही त्याचं नाव लागलं. गुहा चुनखडीची. डोंगराच्या अंगातली एक उभी भेग हे तिचं तोंड, पर्यटकांना शिरता यावं म्हणून रुंद केलेलं. मुख्य बोगदा साधारण २०० मीटरचा, त्याला बाजूचे आणि खाली उतरणारे फाटे. भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी १९५० च्या दशकात तिचा अभ्यास केला, आणि आतल्या एका रातकिड्याच्या जातीला पुढे त्यांचं नाव मिळालं, केम्पिओला शंकरी. आतल्या डबक्यांत फिकट रंगाचा, डोळे खुरटलेला एक छोटा मासा राहतो. ज्या जातीत त्याची गणना होत आली आहे, तिचं पहिलं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून केलं होतं. म्हणजे इथल्या आंधळ्या माशाचे डोळस भाऊबंद आपल्या ओढ्यांत आहेत.

तुमची गुहा कोटमसर असो, आंध्रातली बोरा असो की मेघालयातली मॉसमाई, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी गुहा रिकामी असताना पाहा

चार्जच्या कागदांवर सही करण्याआधी, गुहा बंद असेल त्या दिवशी, सगळ्यात जुन्या गाइडला घेऊन आत जा. घाई नको. प्रत्येक दालनात दिवे विझवून पाच मिनिटं गप्प बसा. पाणी कुठे ठिबकतं, वटवाघळं कुठे आहेत, हवा कुठून लागते, हे गर्दीत कळत नाही.

मग फोटोच्या जागा ठरवा. वीस-पंचवीस पुरेत. दगडावर रंगाने खूण करायची नाही, चुन्याने किंवा खडूनेही नाही. कठड्याच्या खांबावर क्रमांकाची पट्टी लावा, किंवा ‘तिसऱ्या पायरीवरून उजवीकडे, छातीच्या उंचीवर’ असं वहीत लिहून ठेवा. फोटोत मोजपट्टी हवीच. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिव्याने, तोच फोटो. सहा महिन्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले की छतातून लोंबणाऱ्या चुन्याच्या झुंबराचा कुठला दांडा आखूड झाला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तुटलेल्या जागा वाचायला शिका. ताजी तुटलेली जागा पांढरी असते. टॉर्च तिरपा धरला तर साखरेसारखे स्फटिक चमकतात, आणि मधोमध बारीक भोक दिसतं, ज्यातून थेंब खाली यायचा. जुनी तूट मळकट, करडी, कडा बोथट झालेली. कधी त्यावर नवा पातळ थरही चढलेला असतो. पहिल्याच फेरीत जुन्या तुटी मोजून लिहून ठेवल्या नाहीत, तर पुढे प्रत्येक नवी तूट ‘ती आधीपासूनच होती साहेब’ या खात्यात जमा होते. खाली पडलेले तुकडे फेकू नका. पिशवीत घालून जागा आणि तारीख लिहा. मोठा तुकडा स्टेनलेस स्टीलची पिन आणि इपॉक्सी वापरून जागेवर बसवता येतो. ते काम जाणकाराचं, पण तुकडाच नसेल तर जाणकार तरी काय करणार?

कायदा कुठे लागू होतो

नव्या बीटगार्डला वाटतं की आपला कायदा प्राणी आणि झाडांचा, दगड तोडला तर कसला गुन्हा? भारतीय वन अधिनियम, १९२७ मधली वनोपजाची व्याख्या त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. कलम २(४)(ब) मध्ये जंगलातला दगड आणि खनिजं येतात, आणि चुनखडीचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हीच व्याख्या उचलतो, आणि त्याचं कलम ३५(६) राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज नेणं किंवा त्याची नासधूस करणं मना करतं. तेव्हा पर्यटकाच्या खिशात सापडलेला बोटभर दांडा ही ‘आठवण’ नसून वनोपज आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर गेली आहे, हेही त्याला ठाऊक असू द्या.

प्रत्येक वेळी पीओआर फाडायचा का? माझं मत: तुकडा सोबत नेला किंवा नाव कोरलं तर फाडायचाच, मग तो कुणाचाही भाचा असो. हात लावला, ओरडला, फ्लॅश मारला, तर समज देऊन बाहेर काढा. कारवाई केलीत तर पंचनामा आत, जागेवर करा. तूट आणि तुकडा एकमेकांना जुळतात हे दाखवणारा फोटो घ्या, मोजपट्टीसकट. तो एक फोटो दहा साक्षीदारांचं काम करतो. जप्तीनाम्यात ‘दगडाचा तुकडा’ असं मोघम लिहू नका. लांबी, जाडी, वजन, रंग, सगळं लिहा.

किती माणसं, किती वेळ

या एका प्रश्नावर गुहेची सगळी राखण उभी आहे, आणि इथेच तुमच्यावर सगळ्यात जास्त दबाव येणार आहे.

माणूस गुहेत काय सोडतो ते बघा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे ४० हजार भाग. शिवाय प्रत्येक शरीर साधारण १०० वॉट उष्णता सोडतं आणि वाफ तर सतत. ही वाफ थंड छतावर जमते, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, आणि तयार झालेलं सौम्य आम्ल तोच चुना खायला लागतं जो गुहेने हजारो वर्षांत साठवलेला असतो. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. दिवसाला हजारापेक्षा जास्त माणसं आत जाऊ लागली, चित्रांवर हिरवं शेवाळ दिसायला लागलं, आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. आज लोक तिथे प्रतिकृती पाहतात.

तुमच्या गुहेला किती माणसं झेपतात याचा तयार आकडा कुठल्याही परिपत्रकात मिळणार नाही. तो गुहाच सांगते, आणि विचारायची वेळ म्हणजे पहाट. तीन ठिकाणी नोंदयंत्रं लावा: एक तोंडाजवळ, एक सगळ्यात गर्दीच्या दालनात, एक पर्यटक जात नाहीत अशा फाट्यात. तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड. रोज पहिलं तिकीट फाटण्याआधी गर्दीच्या दालनातला आकडा वाचा. रात्रभरात तो मूळ पातळीवर आला असेल तर कालची गर्दी गुहेने पचवली. आला नसेल तर काल माणसं जास्त झाली, आणि आज पर्यटकांच्या तुकड्या कमी करा. लागोपाठ तीन दिवस आला नाही तर एक दिवस कुलूप. मूळ पातळी अर्थातच गुहा बंद असलेल्या दिवसांत मोजून ठेवायची. ऋतूप्रमाणे ती हलते, म्हणून उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी.

हा हिशेब माणसांच्या तब्येतीसाठीही हवा. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी ५ हजार भागांची सरासरी ही सर्वत्र मानली जाणारी मर्यादा आहे. कोंदट फाट्यांत आकडा तिथे पोहोचू शकतो. डोकं जड झालं, धाप लागली, की गाइडने परवानगीची वाट न पाहता तुकडी बाहेर काढायची, हा हुकूम लेखी द्या. चुनखडीच्या गुहांत रेडॉन हा किरणोत्सारी वायूही साचतो, त्यामुळे त्याच चार गाइडांना वर्षभर सगळ्यात आतल्या टप्प्यावर ठेवू नका. पाळ्या फिरवा.

दारावरची पाच मिनिटं

गुहेतलं बहुतेक नुकसान दारावर थांबतं. आत गेल्यावर तुम्ही फक्त ओरडू शकता.

तुकडी जमली की तिकीट तपासणाऱ्याने नव्हे, गाइडने बोलायचं. खाणं, पाण्याशिवाय इतर पेय, गुटखा, काडेपेटी, अगरबत्ती, काठी, मोठी सॅक, सगळं बाहेर टोकन देऊन ठेवायचं. अमेरिकेतल्या कार्ल्सबाड गुहेत सप्टेंबर २०२४ मध्ये कोणाच्या तरी हातून चीटोजची पिशवी पडली. आतल्या दमट हवेत त्या कुरकुऱ्या भिजल्या, त्यांवर बुरशी धरली, आणि किडे-माश्यांची अख्खी वर्दळ तिथे सुरू झाली. रेंजरांनी ते हाताने साफ केलं. ही गोष्ट पर्यटकांना सांगा. नियमांच्या पाटीपेक्षा ती जास्त लक्षात राहते, विशेषतः लहान मुलांच्या.

बुटांना दोन ब्रश: एक सुका, एक ओला. चिखल आत जाऊ द्यायचा नाही, कारण तो फक्त पायवाटेवर राहत नाही, हातांवरून कठड्यावर आणि कठड्यावरून भिंतीवर जातो. तोंडाजवळच्या अरुंद जागेत माणसं आपोआप भिंतीला धरतात. तिथे हात धरायला दोर किंवा दांडा नसेल तर ‘हात लावू नका’ म्हणण्याला अर्थ नाही. त्वचेचा तेलकटपणा दगडावर बसला की त्या जागी चुन्याचा नवा थर नीट धरत नाही आणि दगड काळपट पडतो.

मोजणी जाताना आणि येताना. बाहेर आलेल्याचं टोकन परत टांगून टोकनच्या पाटीवर शेवटचा खिळा भरला नाही तोवर पुढची तुकडी नाही.

दिवे

विजेचे कायम दिवे असतील तर त्यांच्याभोवती हिरवा डाग शोधा. प्रकाश मिळाला की आधी शैवालाचा हिरवा थर, मग मखमलीसारखं मॉस, मग नेचे, याच क्रमाने बाग वाढते. सौम्य पिवळसर एलईडी लावा, ते दगडापासून दूर ठेवा, आणि माणूस समोर असेल तेवढाच वेळ पेटतील असं बघा. रात्रभर जळणारा एक दिवा महिन्याभरात भिंत रंगवतो.

वाढलेलं हिरवं काढताना ब्लीचिंग पावडर अजिबात नको. वास तर येतोच, पण आतले बारीक जीवही मरतात. बाहेरच्या देशांत १५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ते नुसतं फवारलं तर चुन्याला चरतं, म्हणून आधी त्यात चुनखडीचे तुकडे बुडवून ठेवतात. तरीही माशांच्या डबक्यांजवळ, रातकिडे दिसतात तिथे, किंवा जुन्या चित्रांवर हे करायचं नाही, आणि उद्यानाच्या संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय तर कुठेच नाही.

कोटमसरसारख्या ठिकाणी गाइडच्या हातातल्या दिव्यांवर भागतं, आणि मला ती पद्धत सगळ्यात बरी वाटते. गुहेत तार नाही, खिळा नाही, आणि गाइड जिथे प्रकाश टाकेल तिथेच लोक बघतात. मशाल, पेट्रोमॅक्स, रॉकेलची चिमणी यांना मात्र दारातूनच परत पाठवा. काजळी एकदा बसली की निघत नाही.

साफसफाई

झाडू आत न्यायचा नाही. झाडूने धूळ उडते आणि वरच्या कोनाड्यांत जाऊन बसते.

माणसं चालतात तिथे कपड्यांचे धागे, केस आणि त्वचेची पूड सांडत असते. पायवाटेच्या कडेला ती राखाडी लोकरीसारखी साचते, आणि बुरशीला व किड्यांना खाणं मिळतं. कार्ल्सबाडमध्ये स्वयंसेवक खास शिबिरं घेऊन हे धागे वेचतात. साधनं घरगुतीच आहेत: चिमटा, रंगकामाचा मऊ ब्रश, फवाऱ्याची बाटली, स्पंज. पाणी गुहेतलंच वापरा, क्लोरीनचं नळाचं नको, आणि साबण तर नकोच. मळकं पाणी स्पंजने टिपून बाहेर आणा, डबक्यात वाहू देऊ नका. एका वेळी एक मीटरभर पट्टा झाला तरी पुष्कळ.

कुजकी लाकडं, जुन्या बांबूच्या शिड्या, जुनाट फळ्या बाहेर काढा. त्या बुरशीचं कोठार असतात. मात्र काढण्याआधी त्यांवर कोण राहतंय ते पाहा. जस्ताचा मुलामा दिलेले पाइपही नकोत, ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर जस्त उतरतं. कठडे स्टेनलेस स्टीलचे.

वटवाघळं

वटवाघळांच्या दालनात दिवा खाली, आवाज बंद, थांबणं नाही. पिल्लांच्या दिवसांत ते दालन सरळ दोर बांधून बंद करा. विष्ठा साचलेल्या भागात काम करताना मास्क लावायचा, कारण तिच्यातल्या बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलायचं नाही.

पण भीतीही आवरायला हवी. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली, तेव्हा बातम्या झळकल्या. अशी बातमी आली की कोणीतरी धूर करायला निघतंच. धुराने आणि हुसकण्याने वटवाघळं सैरभैर होतात आणि वस्तीकडे पसरतात. गावात बैठक घेऊन हे आधीच सांगून ठेवा.

गाव, गाइड आणि देव

कोटमसरच्या आसपास धुरवा समाजाची वस्ती आहे. गाइड स्थानिकच असावेत, आणि त्यांना रोजंदारीचे दिवे धरणारे समजू नका. फोटोच्या जागा त्यांना पाठ करून द्या, नोंदयंत्र वाचायला शिकवा. तुकडी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे हे सगळ्यांसमोर सांगा. गाइडची कमाई माणशी ठेवलीत तर तो माणसं वाढवणार, तुकडीमागे ठेवा. मराठी माणसाची तिथे बदली झाली तर एक सोय आहे: हलबी या तिथल्या बोलीत मराठीची झाक इतकी आहे की महिन्याभरात कान बसतो. पर्यटकांशी हिंदी, गाइडांशी मोडकीतोडकी का होईना हलबी, हा हिशेब कामाचा.

आतल्या एखाद्या लवणस्तंभाला, म्हणजे ठिबकत्या चुन्याने बनलेल्या खांबाला, लोक शिवलिंग मानतात. त्यावर नारळ फुटतो, हळद-कुंकू पडतं, कापूर पेटतो. ‘अंधश्रद्धा’ म्हणून भाषण देणारा रेंजर महिन्याभरात एकटा पडतो. गावातल्या जाणत्यांना आणि पुजाऱ्याला घेऊन आत जा, कुंकवाखालचा दगड कसा झाला आहे तो दाखवा, आणि पूजा तोंडापाशी बाहेर करायची जागा त्यांनाच ठरवू द्या. आत दर्शन, बाहेर पूजा. गावाने ठरवलेला नियम गाव पाळतं, आणि परगावच्या भाविकालाही गावच अडवतं.

राहिले व्हीआयपी. ‘फक्त साहेबांची फॅमिली आहे’ असा फोन येणारच. बंद फाटे कोणासाठीही उघडायचे नाहीत, असा संचालकांच्या सहीचा आदेश आधीच घेऊन दारावर फ्रेम करून टांगा. वाद तुमच्याशी न होता कागदाशी होतो.

डोक्यावरची जमीन

आत ठिबकणारं पाणी वरच्या डोंगरातून येतं. म्हणून गस्तीत छताच्या वरची जमीनही घ्या. पार्किंग, शौचालयाचा खड्डा, चहाच्या टपरीचं सांडपाणी, यांतलं काहीही गुहेच्या डोक्यावर किंवा चढाच्या बाजूला नको. वर झाडं तुटली किंवा वणवा लागला तर खालची ठिबक बदलते. ठरलेल्या एका जागी मिनिटाला किती थेंब पडतात ते आठवड्यातून एकदा मोजा. फुकटचं आणि बिनचूक यंत्र आहे ते.

पावसाळा आणि अपघात

कोटमसरच्या काही भागांत पावसाळ्यात पाणी भरतं, म्हणून गुहा जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद असते. तारीख कॅलेंडरवर असली तरी मान्सूनपूर्व वळवाचा पाऊस ती वाचत नाही. घाटमाथ्यावर ढग दिसला आणि आतल्या पाण्याचा रंग गढूळला की तुकड्या बाहेर, तिकिटांचे पैसे परत.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेबाहेरही पावसाळ्यात आत न जाण्याची पाटी होती. २३ जून २०१८ ला १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले, पाणी चढलं, आणि शेवटची सुटका १० जुलैला झाली. एका माजी नौदल पाणबुड्याने त्यात जीव गमावला. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही तिथे होते, हे सांगलीकडच्या लोकांना ठाऊक असेल. नुसती पाटी पुरत नाही. बंद काळात दाराला कुलूप, कुलपावर पहारा. दार गजांचं हवं, गज आडवे आणि त्यांत वटवाघळांना उडत जाता येईल एवढी फट. पत्र्याचं दार लावलंत तर हवाही कोंडेल आणि वटवाघळंही जातील.

वर्षातून दोनदा सराव घ्या. ऐंशी किलोच्या वाळूच्या पोत्यांचा माणूस करून स्ट्रेचरवर बांधा आणि सगळ्यात आतल्या दालनातून बाहेर आणा. अरुंद तोंडाशी स्ट्रेचर वळतच नाही, हे तेव्हाच कळतं. मग गुंडाळता येणारं स्ट्रेचर मागवायचं पत्र त्याच संध्याकाळी लिहा. प्रत्येक गाइडकडे तीन स्वतंत्र दिवे. आत मोबाइल चालत नाही, म्हणून दारापर्यंत निरोप पोहोचवणारा माणूस आधीच नेमलेला. जिल्हा रुग्णालय आणि एसडीआरएफ म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे क्रमांक तिकीटघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाणी ओसरलं की आधी तुम्ही आणि दोन गाइड आत जा. गाळ कुठे बसला, पायऱ्या सुटल्या का, छतातून दगड निखळला का, कोंदट फाट्यांत कार्बन डायऑक्साइड किती, सगळं पाहा. डबक्यातले मासे मोजा. नवा गाळ पायवाटेवरून काढताना तो डबक्यांत लोटू नका, घमेल्यांनी बाहेर आणा. फोटोच्या जागा पुन्हा टिपा. दिवाळीच्या सुट्टीसाठी ‘एक आठवडा आधी उघडा’ असा फोन याच वेळी येतो. उत्तर लेखी द्या, आणि त्याला त्या दिवशीच्या पाण्याच्या पातळीचा फोटो जोडा.